उरले ते दहा

सप्टेंबर 2023, गौरी-गणपतीच्या विसर्जनाचा शनिवार. डेन्व्हरच्या आमच्या उपनगरात एका घरी वर आरतीची तयारी चालली होती आणि खाली तळघरात टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलच्या मॅचमध्ये कोलोरॅडो विद्यापीठ ओरेगॉनकडून मार खात होतं. मध्यंतराला 35-0, शेवटी 42-6. तेवढ्यात तळघराचे दोन तट पडले. एक म्हणे, बरं झालं, त्या नव्या कोचचा, डियॉन सँडर्सचा, माज उतरला. दुसरा म्हणे, गेल्या वर्षी बारापैकी अकरा मॅच हरलेला संघ आता अख्खा देश बघतोय, अजून काय हवं? प्रसादाची हाक आली म्हणून वाद थांबला. त्यानंतर तोच वाद मी ऑफिसात ऐकला, विमानतळावर ऐकला, टीव्हीवरच्या पंडितांकडून तर तासन् तास ऐकला. सँडर्स हा तारणहार की जाहिरातबाज, एवढ्या एकाच खुंटीभोवती तो फिरत राहिला. त्या हंगामाचे आकडेही ज्याने त्याने आपल्याला हवे तसे वाचले.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नव्या कोचचा पहिला हंगाम जिंकलेल्या मॅचेसवर जोखणं चूक आहे आणि त्याच्या गॉगलवर किंवा बोलण्यावर जोखणं तर पोरकटपणा आहे. त्याने कोणाला ठेवलं, कोणाला काढलं आणि काढण्याची किंमत कोणी मोजली, हे बघायला हवं. त्या कसोटीवर 2023 चा कोलोरॅडोचा हंगाम नापास होतो, आणि मैदानावरची त्यांची बरीचशी पडझडही तिथूनच सुरू झाली.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. कोलोरॅडो विद्यापीठ बोल्डर गावात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी. इथला फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात धरून पळायचा खेळ. विद्यापीठांच्या संघांवर अमेरिकेत गावंच्या गावं जीव टाकतात. 2022 मध्ये हा संघ पहिल्या पाच मॅच हरला, कोच कार्ल डॉरेल यांना मध्येच काढलं, हंगाम 1-11 असा संपला. डिसेंबरात सँडर्स आले. खेळाडू म्हणून ते दंतकथा. कोच म्हणून मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठात तीन हंगामांत 27 विजय, 6 पराभव. पाच वर्षांसाठी सुमारे 2 कोटी 95 लाख डॉलरचा करार झाला. एवढे पैसे अजून आपल्या हातात नाहीत, हे विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनी मोकळेपणाने कबूलही केलं. आणि पहिल्याच बैठकीत, कॅमेऱ्यासमोर, सँडर्सनी आधीच्या पोरांना सांगितलं की मी माझं सामान बरोबर आणतोय आणि ते लुई व्हिटॉनचं आहे, तेव्हा तुम्ही ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नावं टाकलीत तर बरं.

पोरांनी टाकली. काहींनी आपणहून, काहींनी सांगितलं म्हणून. पुढच्या सप्टेंबरात संघ मैदानात उतरला तेव्हा ऐंशीहून जास्त चेहरे नवे होते आणि आदल्या वर्षीचे स्कॉलरशिपवरचे खेळाडू जेमतेम दहा उरले होते.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू, कारण ती बाजू लंगडी नाही. पहिली गोष्ट, सँडर्सनी मेलेल्या संघात जीव आणला. पहिल्याच मॅचला त्यांनी टीसीयूला, म्हणजे आदल्या हंगामात राष्ट्रीय अंतिम सामना खेळलेल्या संघाला, त्यांच्याच मैदानावर 45-42 असं हरवलं. मग नेब्रास्काला 36-14. मग शेजारच्या कोलोरॅडो स्टेटला मध्यरात्र उलटून गेल्यावर, दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये, 43-35. ती मॅच 90 लाखांहून जास्त लोकांनी पाहिली. त्यांतला मी एक. दुसऱ्या दिवशी माझ्यासारखं अर्धं डेन्व्हर डोळे चोळत फिरत होतं. हंगामाची तिकिटं आधीच संपलेली. चार विजय म्हणजे आदल्या वर्षाच्या चौपट, हेही खरं.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सँडर्सवरच्या टीकेतली बरीच टीका रंगावरून येते. मैदानात कृष्णवर्णीय पोरं भरपूर, मुख्य कोच मात्र फार थोडे. ओरेगॉनच्या गोऱ्या कोचने मॅचआधी आपल्या पोरांना सांगितलं की ते क्लिक मिळवायला खेळतात, आपण जिंकायला, आणि हे कॅमेऱ्यासमोर सांगितलं! म्हणजे क्लिक त्यांनाही हवेच होते. मोठ्याने बोलणारा गोरा कोच 'रंगतदार व्यक्तिमत्त्व' आणि काळा कोच 'गर्विष्ठ', हा दुजाभाव मी वीस वर्षं बघतोय. शिवाय त्याच कोलोरॅडो स्टेटच्या मॅचमध्ये ट्रॅव्हिस हंटर हा त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू उशिरा केलेल्या धडकेने जखमी झाला, यकृताला इजा झाली, आणि लोक धडक देणाऱ्या पोराला ठार मारण्याच्या धमक्या देऊ लागले. तेव्हा त्या पोराची बाजू घेऊन सर्वांत आधी बोलणाऱ्यांत सँडर्स होते. माज असलेला माणूस असं वागतो का?

पण रंगाचा मुद्दा पुरता मांडायचा तर कोलोरॅडोचाच इतिहास काढावा लागेल, आणि तो सँडर्सच्या पद्धतीच्या बाजूने बोलत नाही. बिल मॅकार्टनी 1982 मध्ये तिथे कोच झाले. पहिल्या हंगामात दोन विजय, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात, म्हणजे 1984 मध्ये, 1-10. आजच्या काळात ते तिसरा हंगाम संपायच्या आत घरी बसले असते. विद्यापीठाने त्यांचा करार वाढवला. 1989 मध्ये संघ 11-1 झाला, 1990 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद आलं. त्यात मिझुरीविरुद्धची ती पाचव्या डाउनची मॅच होती (डाउन म्हणजे चेंडू पुढे नेण्याची संधी, त्या चारच असतात), पंचांची मोजणी चुकली आणि कोलोरॅडोला एक संधी फुकट मिळाली, तो डाग आहेच. आता 2012 पाहा. जॉन एम्ब्री, कोलोरॅडोचेच माजी खेळाडू, कृष्णवर्णीय. पहिल्या हंगामात तीन विजय, दुसऱ्यात एक, आणि लगेच हकालपट्टी. त्यावर जाहीर नाराजी कोणी व्यक्त केली? मॅकार्टनींनी. काळ्या कोचला गोऱ्याइतका वेळ मिळत नाही हे म्हणायचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला नव्हता, कारण तो वेळ त्यांनी स्वतः उपभोगला होता.

तेव्हा अन्याय आहे तो वेळेचा. सँडर्सना वेळ मिळायलाच हवा होता, तीन वर्षं, पाच वर्षं. पण ज्या कोचला स्वतःसाठी वेळ हवा, त्याने पोरांना पाच महिनेही देऊ नयेत? एप्रिलमधल्या सराव मॅचला 47 हजारांवर लोक आले, आणि त्या गर्दीपुढे खेळलेल्या पोरांपैकी कितीतरी जण पुढच्या काही दिवसांतच पोर्टलमध्ये होते.

'स्वातंत्र्या'चा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त ऐकवला गेलाय. आता खेळाडूंना हवं तेव्हा विद्यापीठ बदलता येतं, जाहिरातींतून पैसे कमावता येतात, मग कोचनेच निष्ठेचं ओझं का वाहायचं? ऐकायला बरोबरीचा वाटतो. पण जरा तपशील बघा. 1973 पासून या देशात खेळाडूची स्कॉलरशिप एकेक वर्षाची केली गेली. म्हणजे दर उन्हाळ्यात ती पुढे चालू ठेवायची की नाही हे कोचच्या मर्जीवर. एकाहून अधिक वर्षांची स्कॉलरशिप देण्याची मुभा आली ती 2012 च्या सुमारास. आणि खेळाडूने स्वतः दुसरीकडे जायचं ठरवलं तर? वर्षभर बाकावर बसायचं. ही अट फुटबॉलमध्ये उठली 2021 मध्ये. जवळजवळ अर्धं शतक कोचच्या हातात कात्री होती आणि पोराच्या पायात बेडी. आता बेडी काढली. पण म्हणून कात्री दुप्पट मोठी करायची, हा कुठला समतोल? 2022 मध्ये तेच झालं. एका संघाला वर्षाला 25 हून अधिक नव्या खेळाडूंना स्कॉलरशिप देता येत नसे, ती मर्यादा दोन वर्षांसाठी उठवली गेली. ती असती तर ऐंशी माणसांचा हा फेरबदल कागदावरही जमला नसता. सँडर्सनी नियम मोडला नाही. नियमच तसा होता, आणि त्यांनी तो इतरांपेक्षा आधी आणि पुरेपूर वापरला.

आणखी एक तपशील, जो बोलला जात नाही. मध्येच काढलेल्या डॉरेल यांना विद्यापीठाकडून सुमारे 87 लाख डॉलर द्यायचे ठरले होते. कराराचा भाग होता, मिळायलाच हवे. पण बघा, वर्षभराच्या आत एकाच इमारतीतून दोन तऱ्हेची माणसं काढली गेली. एकाला कोट्यवधी रुपयांचा धनादेश, दुसऱ्याला पोर्टलची लिंक. याला बरोबरीचं स्वातंत्र्य म्हणायचं?

इथे जाणकार लगेच म्हणतात, अहो, त्यांची स्कॉलरशिप कुठे काढली? खरं आहे. नवा कोच आल्यावर त्याने एखाद्याला संघातून वगळलं तर त्या पोराला शिक्षण तिथेच पूर्ण करता येतं, फी माफ राहते. ही तरतूद चांगली आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण तिचं दुसरं टोक बघा. असा खेळाडू संघाच्या 85 स्कॉलरशिपच्या मोजणीत धरला जात नसे. म्हणजे त्याला वगळल्याने कोचचं काहीच जात नाही, उलट एक जागा रिकामी होते. ज्या निर्णयाची किंमत निर्णय घेणाऱ्याला शून्य असते, तो निर्णय माणूस हात सैल सोडून घेतो. सँडर्सच्या जागी दुसरा कोणी असता तरी घेतला असता. आणि ज्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने ओळख, मित्र, दिवसाचं वेळापत्रक, सगळं त्या लॉकर रूममध्ये बांधलेलं असतं, त्याला 'तू फक्त वर्गात बस' म्हणणं म्हणजे काय, हे कोणत्याही तालमीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

'पण ती पोरं एक मॅच जिंकली होती, बारापैकी!' हो. खराब संघात बदल करायचा नाही असं कोण म्हणतंय? आमच्या त्या तळघरात नागपूरचे एक काका होते, त्यांनी विदर्भाचा दाखला दिला. चंद्रकांत पंडितांनी 2017-18 मध्ये विदर्भाला पहिला रणजी करंडक मिळवून दिला, तोही वसीम जाफरसारखा बाहेरचा मोहरा घेऊनच ना? काका, दाखला माझ्याच बाजूचा आहे! रणजीत बाहेरचे खेळाडू फार तर तीन. कर्णधार फैज फजल नागपूरचा. पंडित सौम्य कोच म्हणून कधीच ओळखले गेले नाहीत, शिस्तीच्या बाबतीत त्यांचं नाव काढलं की खेळाडू आजही सरळ बसत असतील. पण जो कच्चा माल होता त्यालाच त्यांनी घासलं. काका हसले आणि दुसरा मोदक घेतला.

आता मैदानाकडे येतो, कारण मला 'भावनिक' म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. पहिल्या तीन विजयांनंतर काय झालं? उरलेल्या नऊ मॅचेसमध्ये एक विजय. शेवटी सलग सहा पराभव. एकूण 4-8. आणि हे पराभव कुठे झाले? चेंडू फेकणारा शेडूर सँडर्स, म्हणजे कोचचा मुलगा, उत्तम होता. त्याने टीसीयूविरुद्ध 510 यार्ड फेकून विद्यापीठाचा विक्रम केला होता. हंटर आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे खेळत होता, जे या स्तरावर जवळपास कोणी करत नाही. कमी पडली ती त्यांच्या पुढची पाच माणसांची भिंत, ऑफेन्सिव्ह लाइन. त्या हंगामात शेडूरला चेंडू हातात असतानाच 52 वेळा पाडलं गेलं. शेवटची मॅच तो पाठीच्या फ्रॅक्चरमुळे खेळूच शकला नाही.

लाइन ही या खेळातली सर्वांत न दिसणारी जागा. समोरचे दोघे जण धावता धावता वाटा बदलतात, तेव्हा कोणी कोणाला सोडायचं आणि कोणाला धरायचं हे क्षणार्धात, न बोलता ठरतं. शेजारच्याचा खांदा किती वळेल, तो पाऊल आधी डावं टाकतो की उजवं, हे अंगात मुरावं लागतं. वारीतल्या पावलीसारखं. एकट्याला कितीही सुंदर जमत असलं तरी ओळीचा ताल ओळीतच शिकावा लागतो. वेगवान रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, बाहेरून आणला तर आल्या दिवशी धावतो. पाच अनोळखी लाइनमन एका उन्हाळ्यात लाइन होत नाहीत. म्हणून 13 ऑक्टोबरला स्टॅनफर्डविरुद्ध मध्यंतराला 29-0 अशी आघाडी असताना हा संघ 46-43 असा हरला, आणि स्टॅनफर्डनेही तो हंगाम 3-9 असाच संपवला होता. एका रात्रीच्या कोसळण्याला शंभर कारणं असतात, सगळं लाइनवर ढकलणार नाही. पण हातात आलेली मॅच कशी संपवायची, कठीण वेळी कोणाच्या शब्दाला वजन असतं, हे जुन्या संघात सांगावं लागत नाही. इथे सांगणारेच नवे होते.

त्यावर सँडर्सचं उत्तर काय? यूसीएलएकडून हरल्यावर ते म्हणाले, नवे लाइनमन आणू. नोव्हेंबरात ज्या सहायकाने, शॉन लुईसने, केंट स्टेटचं मुख्य कोचपद सोडून इथे येणं पत्करलं होतं, त्याच्याकडून आक्रमणाचे डाव ठरवण्याचं काम काढून घेतलं, तेही हंगामाच्या मध्यात. मोडलं की बदल, हीच रीत वरपासून खालपर्यंत.

खरा अवघड प्रतिवाद अजून बाकी आहे, आणि तो इंडियानाकडून येतो. कर्ट सिग्नेटी 2024 च्या हंगामासाठी तिथे कोच म्हणून आले. आदल्या वर्षी संघ 3-9. त्यांनीही पोर्टलमधून भराभर खेळाडू आणले आणि पहिल्याच हंगामात 11-2 केलं. पुढच्या हंगामात 16-0, थेट राष्ट्रीय विजेतेपद. मग काय, चूक पद्धतीची नसून सँडर्सची? मी या उदाहरणावर बराच अडलो. पण सिग्नेटींनी आणलं काय ते बघा. डझनभराहून अधिक खेळाडू त्यांच्या आधीच्या विद्यापीठातून, जेम्स मॅडिसनमधून आले. आक्रमण आणि बचाव सांभाळणारे सहायकही तिथलेच. म्हणजे त्यांनी सुटी माणसं गोळा केली नाहीत, एकमेकांची सवय झालेलं अर्धं घर उचलून आणलं. आणि लाइनमध्ये? कार्टर स्मिथ, माइक कॅटिक ही इंडियानाची जुनी पोरं त्यांनी राखली.

सँडर्सच्या दुसऱ्या हंगामाचं काय? 2024 मध्ये 9-4, हंटरला हाइझमन करंडक, म्हणजे विद्यापीठांतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. हे त्यांचं मोठं यश, आणि माझ्या मताला बसलेला फटका, दोन्ही मान्य. पण हंटर आणि शेडूर व्यावसायिक संघांत गेले आणि 2025 मध्ये कोलोरॅडो 3-9 वर आलं. त्या उन्हाळ्यात सँडर्सना मूत्राशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करावी लागली होती, हे न सांगता तो आकडा फेकणं अन्यायाचं होईल. तरीही दोन असामान्य मुलं वजा केल्यावर खाली काय उरतं, हा प्रश्न उरतोच.

शेवटी सोज्वळांसाठी एक गोष्ट. सँडर्सवर नाक मुरडणाऱ्या जुन्या पिढीला 1954 आठवत असेल. बेअर ब्रायंट टेक्सास ए अँड एमचे नवे कोच झाले आणि पोरांना बसमध्ये घालून जंक्शन नावाच्या गावी घेऊन गेले. दुष्काळ, भाजणारं ऊन, दहा दिवस अमानुष सराव. शंभराच्या आसपास गेले, परत आले पस्तीसच्या आसपास. कितीतरी जण रात्री बॅग उचलून रस्त्याने पळाले. हंगाम 1-9. दोन वर्षांनी संघाने आपल्या गटाचं विजेतेपद जिंकलं आणि जंक्शन ही शिस्तीची पुराणकथा झाली. उरलेल्यांचे मेळावे भरतात. पळालेल्यांची यादी कोणाला पाठ आहे? ब्रायंटने केलं ते चारित्र्यघडण आणि सँडर्सनी केलं तो उद्दामपणा, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण सँडर्सच्या भक्तांइतकंच आहे. दोन्ही वेळा गोष्ट उरलेल्यांच्या तोंडून सांगितली गेली.

मग करायचं काय? नव्या कोचने काढलेला खेळाडू दुसरीकडे जागा मिळेपर्यंत मोजणीत धरा, एवढं साधं. काढ, पण तुझी एक जागा अडकेल. हे स्वप्नरंजन नाही. 2025 मध्ये खेळाडूंना पैसे देण्याच्या मोठ्या न्यायालयीन तडजोडीत स्कॉलरशिपच्या मर्यादेऐवजी एकूण 105 खेळाडूंची मर्यादा आली, आणि ती लागू व्हायच्या आधीच विद्यापीठांनी पोरं काढायला सुरुवात केली. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी तिथे पाय रोवले. काढलेल्या पोरांची सोय लावल्याशिवाय मी मंजुरी देणार नाही म्हणाल्या, आणि सोय झाल्यावरच 6 जूनला सही केली. अशा पोरांना आता 105 च्या मोजणीबाहेर ठेवून परत घेता येतं. घेता येतं, घ्यावंच लागतं असं नाही. ती मर्जी अजून कोचचीच आहे.